अंगास लावलेले अत्तर : गुलाब, पाच आणि चंदन

अत्तर विकत नेलेले गिऱ्हाईक पुष्कळदा एक ठराविक तक्रार घेऊन दुकानात परत येते. मनगटावर थेंब चोळला तेव्हा गुलाबाचा वास होता. दुपारी त्यास काहीसा मातकट, ओल्या पालापाचोळ्यासारखा वास येऊ लागला. आणि रात्री अंथरुणावर पडताना पाहावे तो गुलाबाचा मागमूस नाही, चंदनाचा मंद दरवळ तेवढा उरलेला. गुलाब म्हणून आपल्या गळ्यात दुसरेच काही मारले गेले, अशी त्याची समजूत होते. ही तक्रार कितपत खरी आहे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. ज्या अत्तरात खरोखरीचे गुलाबतेल, पाचेचे तेल आणि चंदनतेल एकत्र केलेली असतात, त्याचा वास दिवसभरात असाच पालटला पाहिजे. सकाळपासून रात्रीपर्यंत तो मुळीच पालटला नाही, तर मात्र संशयास जागा आहे. असे का, हे समजण्यासाठी ही द्रव्ये कोठून येतात, कशी काढली जातात आणि त्वचेवरून कशी निघून जातात, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

प्रथम ‘तेल’ ह्या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल कागदावर सांडले, तर त्याचा डाग कायम राहतो. अत्तरातील तेलांची गोष्ट निराळी आहे. ती हवेत हळूहळू उडून जातात. इंग्रजी ग्रंथांत अशा तेलांस जे विशेषण लावतात त्याचा शब्दश: अर्थ ‘आवश्यक’ असा होतो, आणि काही अनुवादांत तसा शब्द छापलेलाही आढळतो, परंतु मूळ शब्दाचा रोख ‘सार’ किंवा ‘अर्क’ ह्या अर्थाकडे आहे, ‘जरुरी’ ह्या अर्थाकडे नाही. प्रस्तुत लेखात त्यांस ‘बाष्पनशील तेले’ असे म्हटले आहे. हा शब्द थोडा जड असला, तरी तो वस्तूचा मुख्य गुण सांगतो.

तीन वनस्पती

अत्तरासाठी जो गुलाब लावतात, तो बागेतील मोठ्या फुलांचा शोभेचा गुलाब नव्हे. वनस्पतिशास्त्रात त्यास रोझा डॅमासीना असे नाव आहे. बल्गेरियातील कझानलुक आणि तुर्कस्तानातील इस्पार्ता ही त्याच्या लागवडीची प्रसिद्ध स्थाने होत. आपल्या देशात अलीगढ व हाथरसच्या परिसरात, तसेच राजस्थानात पुष्कर व हळदीघाटी येथे त्याची शेते आहेत. लखनौ व पालमपूर येथील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या संस्थांनी त्याचे सुधारित वाण तयार केले आहेत. फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी खुडतात, कारण उन्हाबरोबर त्यांतील तेल उडू लागते. एक किलोग्रॅम गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलोग्रॅम फुले लागतात. हा आकडा ध्यानात ठेवला, म्हणजे स्वस्त ‘अस्सल गुलाब’ ह्या शब्दप्रयोगाचे मोल आपोआप कळते.

गुलाबतेलात सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल व नेरॉल ही अल्कोहोल-वर्गीय संयुगे मोठ्या प्रमाणात असतात. परंतु वजनाने जे अधिक, तेच वासास अधिक कारण होते, असे समजणे चुकीचे ठरेल. बीटा-डॅमासिनोन नावाचे एक संयुग ह्या तेलात शेकडा एक भागाहूनही पुष्कळ कमी असते. तरीही मानवी नाकास ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाणवते की, गुलाबाच्या वासात त्याचा वाटा सिट्रोनेलॉलपेक्षाही कितीतरी मोठा भरतो. ह्याउलट फेनिलएथिल अल्कोहोल हे ताज्या फुलातील महत्त्वाचे संयुग पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. त्यामुळे फुलांचा अर्क काढताना ते बरेचसे गुलाबपाण्यातच राहून जाते. गुलाबतेलाचा वास ताज्या फुलाच्या वासाशी तंतोतंत का जुळत नाही, ह्याचे हे एक कारण होय.

पाच ही वनस्पती आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. मरवा आणि दवणा ह्यांच्याबरोबर तिची पाने गजऱ्यात व वेणीत गुंफण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. तिची प्रजाती पोगोस्टेमॉन असून ती तुळशीच्या कुळातील आहे. व्यापारात ‘पॅचौली’ ह्या नावाने ओळखले जाणारे तेल पोगोस्टेमॉन कॅब्लिन ह्या जातीपासून काढतात, आणि जगाच्या बाजारात येणारे बहुतेक तेल इंडोनेशियातून येते. पाचेचे वैशिष्ट्य असे की, तिचे ताजे पान चुरगाळले असता जो वास येतो, तो तेलाच्या वासाच्या मानाने फारच फिका असतो. तेलाच्या ग्रंथी काही अंशी पानाच्या आतील पेशीजालात दडलेल्या असतात. पाने सावलीत वाळवून, रचून मुरू दिली, म्हणजे पेशींच्या भित्ती मोडतात आणि मग ऊर्ध्वपातनाच्या वेळी तेल सुटे होते. तेल काढून झाल्यावरही ते काही काळ ठेवून देतात. नव्या तेलाचा उग्रपणा कालांतराने मावळतो. सुगंधी तेलांपैकी बहुतेक जुनी झाली म्हणजे बिघडतात. पाचेचे तेल जुने झाले म्हणजे सुधारते.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून युरोपास जाणाऱ्या काश्मिरी शालींच्या गठ्ठ्यांत कसर लागू नये म्हणून पाचेची वाळलेली पाने घालीत. तेथील गिऱ्हाइकांस ह्या वासाची इतकी सवय झाली की, वासावरूनच ती शाल अस्सल की नक्कल हे ठरवू लागली. आणि मग नक्कल करणाऱ्या गिरण्यांनीही पाच मागविण्यास आरंभ केला. वासावरून अस्सलपणा ठरविण्याच्या पद्धतीस किती मर्यादा आहेत, हे ह्या उदाहरणावरून दिसेल.

पाचेच्या तेलातील मुख्य घटक पॅचौलॉल हा होय. त्याच्या रेणूच्या रचनेचा इतिहास रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा असा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेतील जॉर्ज ब्यूखी व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६१ साली ह्या रेणूची एक रचना सुचविली आणि १९६२ मध्ये त्या रचनेस अनुसरून संश्लेषण केले. हाती आलेला पदार्थ नैसर्गिक पॅचौलॉलशी तंतोतंत जुळला. ह्याहून सबळ पुरावा तो कोणता? परंतु १९६३ साली झुरिच येथील जॅक ड्युनिट्झ आदींनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याच्या एका स्फटिकरूप अनुजाताची तपासणी केली, तेव्हा सुचविलेली रचना बरोबर नाही असे आढळून आले. मूळ रेणूचे तुकडे करताना त्याचा सांगाडा एकदा सरकला होता, आणि संश्लेषणातील एका पायरीत तो पुन्हा पूर्वस्थितीत सरकला. दोन चुका परस्परांस खोडून गेल्या होत्या. क्ष-किरणांचा हा निष्कर्ष ज्या निबंधात प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत ब्यूखी ह्यांचेही नाव आहे.

चंदनाचे झाड, सँटॅलम आल्बम, हे अर्धपरजीवी आहे. त्याची पाने हिरवी असून ती आपले अन्न तयार करतात; पण मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांस चिकटून त्यांतून पाणी व क्षार ओढून घेतात. बाहेरचे पांढरे लाकूड जवळजवळ निर्गंध असते. तेल असते ते आतील गाभ्यात आणि मुळांत. गाभा धरू लागण्यासच दहा-पंधरा वर्षे लागतात आणि चांगल्या तेलासाठी तीस वर्षांच्या आसपास थांबावे लागते. शिवाय मुळांत तेल भरपूर असल्याने झाड तोडीत नाहीत, समूळ उपटतात. म्हैसूर संस्थानात चंदनावर राज्याचा हक्क होता, व झाड कोणाच्याही जमिनीत उगवले तरी ते सरकारचेच मानले जाई. पहिल्या महायुद्धाने जर्मनीकडे जाणारा लाकडाचा व्यापार थांबला, तेव्हा संस्थानाने १९१६ साली म्हैसूर येथे तेलाचा कारखाना काढला. खाजगी मालकीवरील निर्बंध कर्नाटकात २००१ साली आणि तमिळनाडूत २००२ साली सैल करण्यात आले. दरम्यान चोरटी तोड व ‘स्पाइक’ रोग ह्यांमुळे रानातील झाडांची संख्या फार घटली होती. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ पासून ह्या जातीची गणना धोक्यातील जातींत केली आहे. आज ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील लागवडीतूनही हेच चंदन बाजारात येते.

भपक्यातील कैद

ही तिन्ही तेले उकळण्यास पाण्याच्या कितीतरी पुढची उष्णता लागते. सिट्रोनेलॉल सुमारे २२५ अंशांस, जिरॅनिऑल सुमारे २३० अंशांस, तर अल्फा-सँटॅलॉल हा चंदनतेलाचा मुख्य घटक सुमारे ३०० अंश सेल्सियसला उकळतो. एवढ्या उष्णतेत फुलाचा कोळसा होईल. तथापि पाण्याच्या वाफेबरोबर ही तेले शंभर अंशांच्या आतच निघून येतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्यामुळे प्रत्येक आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे पाडते. दोहोंच्या दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. तेलाचा वाटा थोडा असला तरी तो निश्चित असतो. मात्र ज्याचा बाष्पदाब अगदीच कमी, त्यास वेळ फार लागतो. गुलाबाचे काम काही तासांत आटोपते. चंदनाचा भुसा दोन-दोन दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ वाफेत ठेवावा लागतो.

उत्तर प्रदेशातील कनौज येथे हे काम जुन्या पद्धतीने आजही चालते. तांब्याच्या ‘देगे’त पाणी आणि फुले घालून झाकण मातीने लिंपून घेतात. तेथून बांबूची नळी निघते, तिला ‘चोंगा’ म्हणतात. नळीचे दुसरे टोक ‘भपका’ नावाच्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात सोडलेले असते, आणि तो भपका गार पाण्याच्या हौदात बुडविलेला असतो. येथपर्यंत कोणत्याही ऊर्ध्वपातनयंत्रात असावे तसेच सर्व आहे. कनौजची विशेष गोष्ट अशी की, भपका रिकामा नसतो. त्यात आधीच चंदनाचे तेल ओतलेले असते. फुलांची वाफ त्यात येऊन थंड झाली की सुगंधी द्रव्ये चंदनतेलात विरघळतात आणि पाणी वेगळे होते. ते पाणी काढून पुन्हा देगेत घालतात. दुसऱ्या दिवशी नवी फुले आणि तेच चंदनतेल. असे कित्येक दिवस चालते. भपका पुरेसा भरला की नाही, हे कारागीर हौदात हात घालून, त्याची ऊब पाहून ठरवितो. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्यांत भरून उन्हात ठेवतात. चामड्यातून पाण्याचा अंश निघून जातो, तेल आत राहते.

म्हणजे चंदन हे येथे केवळ तिसरा सुगंध म्हणून आलेले नाही. गुलाबाची चंचल द्रव्ये धरून ठेवणारे ते पात्र आहे. सुगंधशास्त्रात अशा द्रव्यास ‘धारक’ म्हणता येईल. आता चंदनतेल अतिशय महाग झाल्यामुळे पुष्कळ ठिकाणी भपक्यात त्याऐवजी द्रव पॅराफिन किंवा तत्सम निर्गंध द्रावक घालतात. गुलाब त्यातही विरघळतो. पण गुलाब उडून गेल्यावर मागे जे राहावयाचे, ते अशा अत्तरात नसते. गिऱ्हाइकाने तक्रार करावयाची, तर ती ह्याबद्दल करावी.

मनगटावर काय घडते

भपक्यात जे बांधले गेले, ते त्वचेवर सुटू लागते. त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान साधारणत: ३२ ते ३३ अंश असते. कोणताही द्रव उकळल्याशिवाय उडत नाही असे नाही. वाळत घातलेले धोतर उकळत नसते, तरी ते कोरडे होते. हलक्या रेणूंस परस्परांच्या आकर्षणातून निसटणे सोपे जाते, जड रेणूंस कठीण जाते. गुलाबातील सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल ह्यांत दहा कार्बन अणू असून त्यांचे रेणुभार १५५ च्या जवळपास आहेत. सँटॅलॉल व पॅचौलॉल ह्यांत पंधरा कार्बन अणू असून त्यांचे रेणुभार अनुक्रमे २२० व २२२ आहेत. ह्या पंधरा कार्बनांच्या वर्गास सेस्क्वीटर्पीन म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस्. सी. भट्टाचार्य व सुख देव ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ह्या वर्गावर विपुल काम झालेले आहे.

तेव्हा गुलाब प्रथम जातो, हे उघड झाले. पण तो एकटा असता तर ह्याहूनही लवकर गेला असता. मिश्रणातील प्रत्येक घटकाचा बाष्पदाब हा त्या मिश्रणात त्याच्या रेणूंचा जो वाटा असेल, त्या मानाने कमी होतो. राऊल्ट ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो. दहा रेणूंपैकी दोन गुलाबाचे आणि आठ चंदन-पाचेचे असतील, तर पृष्ठभागावर गुलाबाच्या रेणूंस सुटण्याची संधी स्थूलमानाने एक-पंचमांशच मिळेल. प्रत्यक्षात हा नियम अत्तरास काटेकोरपणे लागू पडत नाही, कारण त्वचेवरील स्निग्धांशही ह्या व्यवहारात भाग घेतो. परंतु दिशा तीच राहते.

जसजसा गुलाब ओसरतो, तसतशी पाच वर येते. ती त्या वेळी नव्याने उडू लागते असे नव्हे. ती आरंभापासून उडतच असते, पण गुलाबाच्या झोतात झाकलेली असते. दुपारचा मातकट वास तो हाच. चंदनाचा वास मुळातच सौम्य. तो सर्वांच्या मागे असतो आणि रात्री पाचेच्या सोबतीने उरतो.

येथे नाकाचाही विचार केला पाहिजे. एकाच वासात काही मिनिटे राहिले असता घ्राणेंद्रियाची त्या वासापुरती संवेदना मंदावते. अत्तर लावणाऱ्यास ते ‘उडाले’ असे वाटते आणि तो पुन्हा थेंब घेतो, तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाची अवस्था अवघड झालेली असते. आपणांस वास येत नाही म्हणून तो नाही, असे अनुमान काढू नये. बाहेर मोकळ्या हवेत थोडे फिरून यावे किंवा दुसऱ्यास विचारावे.

अस्सल व नक्कल

गुलाबतेलातील भेसळीचा इतिहास आपल्या प्रदेशाशी निगडित आहे. खानदेशात व त्यालगतच्या रानांत रोशा गवत उगवते. त्याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर असल्यामुळे त्यास गुलाबाची छटा असते. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तेथून बल्गेरियातील गुलाबतेलात मिसळले जाई. युरोपच्या बाजारात तर ते ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणून विकले जात असे! अस्सल गुलाबतेल त्यातील मेणासारख्या द्रव्यांमुळे वीस अंशांच्या आसपास गोठू लागते, अशी एक कसोटी होती. तिला चकविण्यासाठी भेसळ करणारे देवमाशाच्या डोक्यातील मेण घालीत. हल्ली वायुवर्णलेखन पद्धतीने तेलातील घटक एकेक वेगळे करून मोजता येतात, त्यामुळे अशी लबाडी प्रयोगशाळेत टिकत नाही. गिऱ्हाइकापाशी मात्र वायुवर्णलेखक नसतो.

चंदनतेलासाठी एक साधी कसोटी आहे. शुद्ध चंदनतेल त्याच्या पाचपट आकारमानाच्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये २० अंश तापमानास स्वच्छ विरघळते. पॅराफिन किंवा खाण्याचे तेल मिसळलेले असल्यास द्रावण दुधाळ होते. ही कसोटी शुद्ध चंदनतेलाची आहे, मिश्र अत्तराची नव्हे, हे विसरू नये. शिवाय चंदनगंधी कृत्रिम द्रव्ये अल्कोहोलमध्ये सहज विरघळत असल्याने तीही ह्या कसोटीस उतरतील. कृत्रिम द्रव्य म्हणजे फसवणूक, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. उलट, उभे झाड न उपटता चंदनाच्या जवळपासचा वास मिळत असेल तर ती इष्टच गोष्ट आहे. कृत्रिमास अस्सलाचे नाव व अस्सलाची किंमत लावणे, ही फसवणूक.

त्वचेची काळजी

वनस्पतीपासून निघालेले म्हणून ते निरुपद्रवी, ही समजूत सोडून दिली पाहिजे. जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ह्यांनी काही व्यक्तींच्या त्वचेस ॲलर्जी होते. हवेतील ऑक्सिजनचा परिणाम होऊन जुनी झालेली द्रव्ये ह्या बाबतीत अधिक त्रासदायक ठरतात. युरोपीय संघाने २०२३ साली सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर नमूद करावयाच्या ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्यांची यादी वाढविली, तीत गुलाब, पाच व चंदन ह्या तिन्ही तेलांचा समावेश आहे. अल्कोहोलमध्ये पातळ केलेल्या परदेशी सुगंधापेक्षा तेलरूप अत्तर फार तीव्र असते. म्हणून एका वेळी एकाहून अधिक थेंब घेऊ नये. नवे अत्तर प्रथम कोपराच्या आतील बाजूस किंचित लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ दिसल्यास ते पुन्हा त्वचेस लावू नये. अशा व्यक्तींनी आपल्याकडील जुन्या रीतीप्रमाणे कापसाचा फाया कानाच्या पाळीत खोवण्याचेही टाळावे, कारण तेथेही अत्तर त्वचेला लागूनच असते. कपड्यावर थेंब टाकला तर तो अधिक काळ टिकतो, कारण कपड्यास त्वचेची ऊब पूर्ण लागत नाही. पण पाचेच्या गडद तेलाचा डाग पांढऱ्या सुतावर पडतो. बाटली काचेची, घट्ट बुचाची व शक्य तितकी भरलेली असावी आणि उजेडापासून दूर ठेवावी.

घरी करण्याजोगा एक प्रयोग

टीपकागदाच्या बोटभर रुंदीच्या चार पट्ट्या कापाव्यात. पहिलीवर गुलाबाचे तेल, दुसरीवर पाचेचे, तिसरीवर चंदनाचे आणि चौथीवर तिन्हींचे मिश्रण असे एकेक बारीक थेंब घ्यावेत. गुलाबतेल न परवडल्यास रोशाचे तेल घेतले तरी चालेल. मुख्य घटकांचे रेणुभार जवळपास तेच आहेत. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने नाव व वेळ लिहून त्या एकमेकींस लागणार नाहीत अशा टांगाव्यात. पाच मिनिटांनी, एक तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा वास घेऊन टिपण करावे. दोन पट्ट्यांच्या मध्ये स्वत:च्या सदऱ्याच्या बाहीचा वास घ्यावा, म्हणजे नाक ताजे होते. चौथ्या पट्टीवरील गुलाब पहिल्या पट्टीच्या तुलनेने केव्हा संपतो, हे विशेष काळजीने पाहावे. शक्य असल्यास घरातील दोघांनी स्वतंत्र टिपणे करावीत आणि शेवटी ती ताडून पाहावीत. ती सर्वत्र जुळणार नाहीत. पहिली पट्टी लवकरच निर्गंध होईल. पाचेची पट्टी मात्र वहीत ठेवली, तर काही आठवड्यांनी वही उघडतानाही तिचा वास येईल.